चिठ्ठ्या टाकून राज्य: ग्रीकांच्या लेखी निवडणूक म्हणजे लोकशाही नव्हेच?

ओसरी (धागालेखिका)

गेल्या वर्षी अथेन्सला गेलो होतो. अ‍ॅक्रोपोलिस चढून-उतरून गुडघे बोलायला लागले तेव्हा नवरा म्हणाला, आता कुठेतरी सावलीत टेकू. सावली शोधत खाली अगोरात, म्हणजे जुन्या बाजारचौकात आलो आणि अ‍ॅटॅलसच्या स्टोआत शिरलो. खांबांची लांबच लांब ओसरी. मूळची इ.स.पू. दुसऱ्या शतकातली, पण आज दिसते ती १९५० च्या दशकात पुन्हा बांधून काढलेली. आत छोटंसं संग्रहालय आहे.

तिथे दगडाची एक फुटकी पाटी उभी आहे. तिच्यावर ना देव, ना घोडा, ना वेलबुट्टी. नुसत्या बारीक खाचा, एकीखाली एक, शेजारीशेजारी रांगा. गिरणीच्या गेटवर हजेरीची कार्डं खोचायचा फळा असायचा ना, अगदी तसा. नवरा म्हणाला, "ही काय, किसणी?"

किसणी नव्हे, क्लेरोटेरिऑन. सोडतीचं यंत्र. मी त्याच्यासमोर अर्धा तास उभी होते, म्हणून हा धागा.

ते चालायचं असं. न्यायमंडळावर बसायची इच्छा असलेला नागरिक पहाटे आपली नावाची पट्टी घेऊन यायचा. पट्टीवर त्याचं नाव, बापाचं नाव, वाडीचं नाव. ती खाचेत खोचायची. पाटीच्या कडेला एक उभी नळी, तिच्यात काळ्या-पांढऱ्या गोट्या मिसळून वरून ओतायच्या. खालची कळ फिरवली की एक गोटी बाहेर. पांढरी आली तर पहिली आडवी ओळ आख्खी आज न्यायाधीश. काळी आली तर ओळ आख्खी घरी. मग दुसरी ओळ, तिसरी. जितकी माणसं हवीत त्या हिशेबाने पांढऱ्या गोट्या.

एवढ्यावर भागत नव्हतं. निवडलेल्याने मडक्यात हात घालून अक्षर लिहिलेली गोळी काढायची. ते अक्षर ज्या कोर्टाचं, तिकडे जायचं. त्या कोर्टाच्या दाराला जो रंग, त्याच रंगाची काठी हातात मिळायची, म्हणजे कोणी भलत्या कोर्टात घुसायला नको. आपल्यापुढे कुठला खटला येणार हे न्यायाधीशाला स्वतःलाच त्या सकाळपर्यंत माहीत नाही, तर लाच देणारा देणार कोणाला? अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या 'अथेन्सची राज्यघटना' या ग्रंथात म्हटलंय की न्यायमंडळाला लाच चारायला सुरुवात केली ती अ‍ॅनिटसने. सॉक्रेटिसवर खटला भरणाऱ्या तिघांत होता तोच हा.

आणि सोडत फक्त कोर्टापुरती नव्हती. ज्या ५०० जणांच्या मंडळात सगळ्या नागरिकांच्या सभेपुढचे विषय ठरत, ते सगळे तिशी ओलांडलेले नागरिक सोडतीनेच येत. १० जमाती, प्रत्येकीतून ५०. मुदत वर्षाची, आयुष्यात जास्तीत जास्त दोनदा. त्यातही एका जमातीचे ५० जण वर्षाचा दहावा हिस्सा कामकाज बघणार आणि त्यांच्यातला एक जण, तोही सोडतीनेच, एक रात्र आणि एक दिवस अध्यक्ष. खजिना आणि दफ्तर ठेवलेल्या देवळांच्या किल्ल्या त्याच्याकडे, राज्याचा शिक्का त्याच्याकडे. दुसऱ्या दिवशी तो परत आपल्या ऑलिव्हच्या झाडांकडे. हे पद एकाला पुन्हा मिळायचं नाही, म्हणजे दर वर्षी साडेतीनशेच्या आसपास माणसं एकेक दिवसाचे 'राष्ट्रपती'!

मतदान त्यांना माहीत नव्हतं असं नाही. १० सेनापती हात वर करूनच निवडायचे, आणि एकाच माणसाला कितीही वेळा. पण अ‍ॅरिस्टॉटल 'पॉलिटिक्स'च्या चौथ्या भागात सरळ लिहितो: पदं सोडतीने भरणं हे लोकशाहीचं लक्षण मानतात, निवडणुकीने भरणं हे मूठभरांच्या राज्याचं. कारण निवडून कोण येतो? ज्याचं नाव आधीच सगळ्यांना माहीत आहे तो. घराणं, पैसा, बोलणं.

मला हे पटतंय. तुम्हाला?

ताकभात

पयला नंबर!

पटत नाही ब्वा. माझं अपेंडिक्स काढायचं झालं तर मी वॉर्डात चिठ्ठ्या टाकून डॉक्टर ठरवणार आहे का? मग माझा देश का असा चालवू?

बाय द वे, आमच्या सोसायटीच्या गणपतीचा खजिनदार व्हायला सध्या कोणी तयार नाही. ते गोट्यांचं यंत्र कुठे भाड्याने मिळतं का?

ओसरी

ताकभात, तुमचा प्रश्न अडीच हजार वर्षं शिळा आहे :-) सॉक्रेटिस हेच विचारायचा. त्याचा शिष्य झेनोफोनने लिहून ठेवलंय: सुकाणूवरचा माणूस, सुतार, बासरीवाला कोणी सोडतीने निवडत नाही, मग राज्याचे कारभारीच का? असलं बोलून तो पोरांच्या मनात राज्यघटनेबद्दल तुच्छता भरतो, असा त्याच्यावर आक्षेपही होता.

खडूफळा

उत्तम धागा. ३४ वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं, पण या यंत्राचं एकही चित्र पाठ्यपुस्तकात पाहिलं नाही.

ओसरीताई, तुम्ही गोष्ट मधूनच सुरू केलीत. 'राज्य कोणाचं असावं' या विषयावरचा युरोपातला सर्वांत जुना हातात असलेला वाद ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने आपल्या तिसऱ्या पुस्तकात दिलाय, आणि गंमत म्हणजे वाद घालणारे ग्रीक नाहीतच, इराणी आहेत. साल इ.स.पू. ५२२. गादीवर बसलेल्या तोतयाला सात सरदारांनी मारलं. पाच दिवसांनी धुरळा खाली बसल्यावर ते विचार करायला बसले, आता पुढे काय?

ओतानेस म्हणाला, पुन्हा एकाच्या हाती देऊ नका. चांगल्यातला चांगला माणूस गादीवर बसवा, तो बिघडतोच. त्यापेक्षा सगळे कायद्यापुढे सारखे. पदं सोडतीने, पदावरच्याला हिशेब द्यावा लागेल आणि निर्णय सगळ्यांपुढे. (सोडत इथेही पहिलीच आहे, बघा.)

मेगाबिझस म्हणाला, राजा नको हे मान्य, पण जमाव त्याहून वाईट. राजाला निदान कळतं तो काय करतोय. जमाव म्हणजे पावसात फुगलेली नदी, काही न समजता अंगावर येते. उत्तम माणसं निवडून त्यांच्या हाती द्या, आणि अर्थातच त्या उत्तमांत आपण असूच! हे शेवटचं तो खरंच म्हणतो.

दारियस म्हणाला, मूठभर आले की आपसात भांडणार, भांडणातून खून, खुनातून एक जण वर. जमाव आला की भ्रष्ट लोक संगनमत करणार, त्यांना मोडायला कोणी पुढारी उभा राहणार, तोच राजा. शेवटी येणार राजेशाहीच, मग सरळ आजच का नको? उरलेले चौघे त्याच्या बाजूने गेले.

मग राजा कोण, तर सूर्योदयाला ज्याचा घोडा आधी खिंकाळेल तो. दारियसच्या मोतद्दाराने घोडीचा वास वापरून घोड्याला वेळेवर खिंकाळायला लावलं. लोकशाहीची सोडत नाकारली आणि राजाची सोडत घोड्यावर काढली, तीही लबाडीने. हिरोडोटस यावर एक अक्षर बोलत नाही. त्याला बोलायची गरजही नाही.

ओतानेस मात्र बाजूला झाला. म्हणाला, मला राज्य करायचं नाही आणि कोणाचं करून घ्यायचंही नाही. माझं घराणं मोकळं सोडा. सोडलं.

असा वाद इराणात खरोखर झाला का? हिरोडोटसच्या काळातच काही ग्रीक नाही म्हणत होते आणि तो हट्टाने म्हणतो, झालाच. माझ्या मते भाषणं ग्रीकच आहेत, दाढ्या तेवढ्या इराणी.

ताकभात

शेवटचं वाक्य फ्रेम करून लावतो सर.

सुकाणू

सुकाणूचं नाव निघालं म्हणून लॉगिन केलं. २२ वर्षं मालवाहू जहाजांवर काढली आहेत.

प्लेटोचा तो जहाजाचा दाखला 'रिपब्लिक'च्या सहाव्या पुस्तकात आहे, कोणीतरी तो देणारच होतं. मालक धिप्पाड पण बहिरट, डोळ्याने अधू. खलाशी भांडतायत, सुकाणू माझ्या हाती द्या, मालकाला दारू पाजतायत. आणि ज्याला तारे, वारे, ऋतू कळतात तो खरा नावाडी, त्याला म्हणतात आभाळाकडे बघत बसणारा बडबड्या. वाचायला झकास. पण प्लेटो जहाजावर प्रवासी म्हणूनच बसला असणार.

कप्तानाला तारे कळतात हे खरं. पण जहाज कुठे जायचं ते कप्तान कधीच ठरवत नाही. ज्याचा माल आणि ज्याचं जहाज, तो ठरवतो. मला सांगतात, अमुक बंदर, अमुक तारखेच्या आत. वादळातून जायचं की वळसा घालायचा, किती वेगाने जायचं, ते माझं. डर्बनला जायचं की सिंगापूरला, हे मला आकाशात लिहिलेलं दिसत नाही. प्लेटोने हे दोन प्रश्न एकात कालवलेत. 'कसं जायचं' यात तज्ज्ञ असतो. 'कुठे जायचं' यात कोण तज्ज्ञ?

आणि माझ्या जहाजावर तज्ज्ञांचीही दर बंदरात तपासणी होते. तपासनीसाला जहाज चालवता येत नाही, पण बोटीला भोक पडलंय का ते दिसतं.

ओसरी

वा! हाच मुद्दा अ‍ॅरिस्टॉटल स्वयंपाकघरातून मांडतो. जेवण कसं झालंय ते आचाऱ्यापेक्षा जेवणारा चांगलं सांगतो. घर नीट आहे की नाही ते गवंड्यापेक्षा राहणाऱ्याला कळतं. (आमच्या बिल्डरला हे कोणीतरी सांगा.)

त्याच भागात त्याचा एक लाडका दाखला आहे. एका श्रीमंताने दिलेल्या मेजवानीपेक्षा सगळ्यांनी आपापलं आणून मांडलेलं जेवण सरस होऊ शकतं. त्यावर विद्वान शेकडो पानं लिहितात, पण आपल्याकडे त्याला शब्दच आहे: अंगतपंगत. एकटी कोणी सुगरण नसेल, पण एकीच्या डब्यात लोणचं, दुसरीच्यात थालीपीठ, तिसरीच्यात दह्यातली मिरची. प्रत्येकाकडे शहाणपणाचा थोडा थोडा वाटा असतो आणि एकत्र बसले की ताट भरतं, असं त्याचं म्हणणं. तो लगेच सावधही होतो, हे सगळ्याच जमावांना लागू पडेल असं नाही, काही जमाव नि जनावरं यांत फरक नसतो. लोकांवर पूर्ण विश्वास टाकणारा माणूस तो नव्हेच. म्हणून त्याला गरीब-श्रीमंतांच्या मधला वर्ग जास्त असलेलं राज्य बरं वाटतं.

आणि हे सगळं लिहिणारा अथेन्सचा नागरिक नव्हता! स्टॅगिराचा. उपरा म्हणून राहिला. त्याला त्या सभेत हात वर करायचा अधिकार नव्हता, अथेन्सच्या मातीत घर विकत घ्यायचाही नव्हता.

वकिलीण

ताकभात यांच्या अपेंडिक्सला उत्तर राहिलंय. सोडत म्हणजे 'आला तो बसला' असं नव्हतं. चिठ्ठी निघाल्यावर आधी चौकशी, मग पद. मुख्य अधिकाऱ्यांना काय विचारायचे ते त्याच 'अथेन्सची राज्यघटना' ग्रंथात आहे: बाप कोण, आजोबा कोण, आई कोण, वाडी कुठली? घराण्याची थडगी कुठे आहेत? आईबापांना नीट सांभाळतोस का? कर भरतोस का? लष्करात मोहिमा केल्यास का? साक्षीदार बोलावायचे, आणि मग सगळ्यांना विचारायचं, या माणसाविरुद्ध कोणाला काही बोलायचंय?

बुद्धीची परीक्षा नाही, लक्षात घ्या. 'आईबापांना सांभाळतोस का' ही परीक्षा. आणि वर्ष संपल्यावर हिशेब तपासणी, ती प्रत्येकाची. हिशेब पुरा होईपर्यंत माणूस मोकळा नाही.

हा ग्रंथ हाती कसा आला तेही सांगते, मला फार आवडतं. तो हरवलेलाच होता. इजिप्तमधल्या एका शेतीच्या जमाखर्चाच्या पपायरस गुंडाळ्या, त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूला कोणीतरी तो उतरवून ठेवला होता. १८९१ साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियमने छापला. सोडत, काठ्यांचे रंग, हे बरंचसं सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी कोणाला इतकं बारकाईने ठाऊकच नव्हतं. हिशेबाच्या वहीच्या पाठीवर हिशेब तपासणीचे नियम सापडले.

निळीशाई

सगळे अगदी भारावून गेलात. 'नागरिक' शब्दात बाई नाही, गुलाम नाही, बाहेरून आलेला नाही, इ.स.पू. ४५१ च्या, अथेन्सचा पुढारी पेरिक्लिसच्या कायद्यानंतर आई-बाप दोघंही अथेन्सचे नसतील तर मुलगाही नाही. ओसरीताई, तुमची पट्टी त्या खाचेत कोणी खोचू दिली नसती.

आणि तज्ज्ञाचा विषय निघालाच आहे तर एक घ्या. इ.स.पू. ३७५-७४ चा एक कायदा दगडावर कोरलेला मिळालाय, नाण्यांविषयीचा. बाजारात सराफांच्या टेबलांमध्ये एक पारखी बसणार, खोटं नाणं ओळखणार, तो म्हणेल ते खरं. अथेन्सच्या बाजाराचा विश्वास या एका माणसाच्या डोळ्यावर. तो कोण? सरकारी गुलाम. जागेवर बसला नाही, नीट पारखलं नाही तर ५० फटके. म्हणजे जिथे खरंच तज्ज्ञ लागत होता तिथे त्यांनी गुलाम बसवला, जेणेकरून तज्ज्ञाला सत्ता मिळू नये. प्लेटोला राजा करायचा होता तो जाणकार माणूस त्यांच्याकडे होता, फटक्यांच्या धाकाखाली. यात कौतुक करायचं की संतापायचं, मला अजून ठरवता येत नाही.

दुसरं. 'लोकशाही ग्रीकांनी शोधली' हे वाक्य जपून वापरा. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी मुद्दाम सांगितलं की हा देश एकेकाळी गणराज्यांनी भरलेला होता, आणि भिक्खू संघाला ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान सगळं माहीत होतं. विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, मतदानाच्या शलाका (काड्या) आहेत, त्या वाटणारा-गोळा करणारा अधिकारी आहे.

ताकभात

+१. शिवाय तमिळनाडूत उत्तरमेरूरला देवळाच्या भिंतीवर दहाव्या शतकातला चोळांचा शिलालेख आहे. नावं ताडपत्रावर लिहून मडक्यात टाकायची आणि लहान पोराने एक काढायची. ग्रीकांना दगड आणि गोट्या लागल्या, आपल्याला एक मडकं नि एक पोर पुरलं.

ओसरी

निळीशाई, मान्य, शंभर टक्के. त्या पाटीपुढे उभी असताना माझ्याही मनात तेच आलं होतं. पारख्याचा कायदा मला माहीत नव्हता, तो डोक्यात घोळत राहणार आता.

ताकभात, मडक्याला भोक पाडून आणलंत तरी चालेल, पण खजिनदाराचं काय झालं ते सांगा.

दूरदेशी

न्यू जर्सीहून. नागरिकत्व मिळून वर्ष झालं नाही तोच ज्यूरी ड्यूटीचं पत्र आलं. आधी घाबरले, नवऱ्याला म्हटलं, मी काय केलं? मग कळलं, यादीतून नाव निघालं, इतकंच.

मोठ्या हॉलमध्ये दीडएकशे माणसं. माझ्या एका बाजूला ट्रक चालवणारा, दुसऱ्या बाजूला हृदयाचे सर्जन, तेही जांभया देत. पडद्यावर नंबर येत होते. इतक्या वर्षांत या देशात कोणी मला असं बोलावलं नव्हतं: शिक्षण विचारलं नाही, उच्चार ऐकले नाहीत, फक्त 'नंबर ४७'. शेवटी माझी निवड झाली नाही, दुपारी घरी पाठवलं. खरं सांगते, थोडं वाईट वाटलं.

निवडणुकीत मी दर वेळी मत देते, पण 'आपण राज्य चालवतोय' असं वाटलं ते त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर.

सुकाणू

दूरदेशी, छान. पण धागा फारच गोड चाललाय म्हणून मीठ टाकतो. सोडतीने कारभारी निवडले तरी युद्ध आणि तहाचा शेवटचा निर्णय सभेतला जमावच घ्यायचा ना? हिरोडोटसच म्हणतो, ज्याला स्पार्टाच्या एका राजाला फसवता आलं नाही तो माणूस अथेन्सच्या ३०,००० जणांना फसवून गेला. सभा भरायची त्या पिनिक्सच्या टेकडीवर हात वर करणाऱ्यांनी जे करून ठेवलं, त्याचं काय?

खडूफळा

सुकाणूसाहेब, त्यावर दोन प्रसंग. पहिला तुमच्या धंद्यातला आहे.

इ.स.पू. ४२७. लेस्बोस बेटावरच्या मिटिलिनी शहराने अथेन्सविरुद्ध बंड केलं, ते मोडलं. सभा संतापलेली. ठराव झाला: सगळे वयात आलेले पुरुष मारा, बायका-मुलं गुलाम करा. त्याच दिवशी हुकूम घेऊन एक तिहेरी वल्ह्यांची युद्धनौका निघाली. रात्र गेली. सकाळी लोकांना आपण काय करून बसलो ते टोचायला लागलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सभा भरली.

क्लिऑन नावाचा पुढारी म्हणाला, लोकशाहीला साम्राज्य चालवता येत नाही हे मी नेहमीच म्हणतो, आज तुम्ही ते सिद्ध करताय. काल ठरवलं ते आज मोडता? डिओडोटस नावाचा माणूस उभा राहिला. त्याने दया मागितली नाही, हे महत्त्वाचं. तो म्हणाला, आपण इथे न्याय करायला बसलेलो नाही, आपल्याला फायदा कशात ते बघायला बसलोय. बंड केलं की मरणच आहे हे कळलं तर पुढचं गाव शेवटच्या माणसापर्यंत लढेल. हात वर झाले. जवळजवळ बरोबरी, पण डिओडोटस जिंकला.

आता दुसरी नौका. पहिली सुमारे एक दिवस आणि एक रात्र पुढे. मिटिलिनीच्या दूतांनी खलाशांसाठी दारू नि सातूचं पीठ भरलं, वेळेत पोचलात तर मोठं बक्षीस कबूल केलं. खलाशी वल्ही मारता मारताच दारू-तेलात कालवलेलं पीठ खात होते, पाळीपाळीने झोपत होते. वारा आडवा आला नाही. आणि पहिल्या नौकेला तसल्या कामाची घाई नव्हती, हे इतिहासकार थ्युसिडिडिस आवर्जून लिहितो. पहिली पोचली, सेनापतीने हुकूम वाचला, अंमलबजावणी करणार तोच दुसरी बंदराला लागली.

लोकशाहीची गोष्ट म्हणून मी हे वर्गात सांगायचो आणि मुलं टाळ्या वाजवायची. मग सांगायचो, बंडाचे म्होरके म्हणून हजाराच्या वर माणसं तरीही मारलीच. टाळ्या थांबायच्या.

दुसरा प्रसंग ४०६ चा, आर्गिनुसाय बेटांजवळचा. आरमारी लढाई जिंकली, पण वादळामुळे फुटलेल्या जहाजांवरची माणसं उचलता आली नाहीत. जिंकून आलेल्या सेनापतींनाच सभेने एका ठरावात, एकत्र, दोषी ठरवलं. कायद्याने प्रत्येकाचा वेगळा खटला हवा. सहा जणांना मृत्यूदंड. त्या दिवशी अध्यक्षमंडळात सोडतीने नाव निघालेला एक म्हातारा होता, तो एकटा म्हणाला, हे बेकायदेशीर आहे, मी नाही करणार. सॉक्रेटिस. ज्या सोडतीची तो चेष्टा करायचा तिनेच त्याला तिथे बसवलं होतं.

दोन वर्षांनी लोकशाही कोसळून ३० जणांची जुलमी सत्ता आली, तेव्हा त्यांनी त्याला एका माणसाला पकडून आणायला पाठवलं. तो सरळ घरी गेला. म्हणजे त्याने दोन्हींना नाही म्हटलं. त्या तिसांत प्लेटोचे आईकडचे नातेवाईक होते, हे प्लेटो वाचताना विसरू नये. आणि लोकशाही परत आल्यावर, ३९९ साली, तिनेच सॉक्रेटिसला विष दिलं, हेही. तो घाव मनात ठेवूनच 'रिपब्लिक'चं आठवं पुस्तक लिहिलंय: लोकशाहीत बाप मुलाला भितो, मास्तर विद्यार्थ्यांना भितात, गाढवंसुद्धा रस्त्यात बाजूला होत नाहीत. मास्तरांबद्दलचं वाक्य मी निवृत्त झाल्यावर पुन्हा वाचलं. त्यातलं थोडं खरं आहे.

वकिलीण

आर्गिनुसायनंतर लोकांना पश्चात्ताप झाला आणि ज्यांनी तो ठराव रेटला त्यांच्यावर कारवाई सुरू केली, हेही जोडते सर. पश्चात्ताप हा त्यांचा नेहमीचा दुसरा दिवस होता.

ताकभात

मधेच एक. नको असलेल्या पुढाऱ्याचं नाव फुटक्या मडक्याच्या तुकड्यावर लिहून त्याला १० वर्षं हद्दपार करायचे ना? ६,००० खापऱ्या पडल्या की चालते व्हा. म्हणजे 'डोक्यावर खापर फोडणे' हा वाक्प्रचार मूळचा अथेन्सचा म्हणायला हरकत नाही.

ओसरी

वाक्प्रचार आपलाच हो, पण त्यांच्यासाठीच घडवल्यासारखा बसतो खरा! त्या खापऱ्याही संग्रहालयात बघितल्या. थेमिस्टोक्लिस या पुढाऱ्याचं नाव असलेल्या १९० खापऱ्या अ‍ॅक्रोपोलिसच्या उत्तर उतारावर एका विहिरीत सापडल्या आणि अक्षर तपासलं तर ती लिहिणारे हात फक्त १४. कोणीतरी आधीच बसून गठ्ठ्याने लिहून ठेवल्या होत्या, वाटायला. मतदान आलं की मतांचं 'व्यवस्थापन' करणारेही आले. गोट्यांच्या यंत्रापुढे त्यांना काम उरत नव्हतं. माझा पहिला मुद्दा मी सोडलेला नाही :-)

सुकाणू

तरीही सेनापती निवडूनच घेत होते, हे तुम्हीच लिहिलंय. जिथे चूक झाली की आपण बुडणार, तिथे सोडत नाही. पेरिक्लिसला वर्षानुवर्षं निवडून देत होते. थ्युसिडिडिस म्हणतोच की नावाला लोकशाही, प्रत्यक्षात एका पहिल्या माणसाचं राज्य.

ओसरी

हे मात्र मान्य. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि त्यांच्याकडेही नव्हतं असं वाटतं. दोन्ही पद्धती एकाच गावात शेजारीशेजारी चालवल्या. युद्ध, आणि पुढे पैशांची काही मोठी खाती, निवडून. बाकी सगळं गोट्यांवर.

निळीशाई

स्पार्टाचं कोणी बोललं नाही अजून. तिथे ज्येष्ठांच्या मंडळावर २८ म्हातारे, साठीच्या पुढचे, तहहयात. निवड कशी? उमेदवार एकेक करून सभेपुढून जायचे, लोक ओरडायचे. पंच शेजारच्या बंद खोलीत, त्यांना कोण चाललाय ते दिसत नाही, फक्त आवाज ऐकू येतो. सगळ्यात मोठा आवाज ज्याला, तो निवडून आला. अ‍ॅरिस्टॉटल याला पोरकटपणा म्हणतो.

ताकभात

पोरकट कसला, ही तर डीजे लावून काढलेली प्रचारफेरी.

ताकभात

अपडेट. काल सोसायटीत ओसरीताईंचा धागा मोबाइलवर सगळ्यांना वाचून दाखवला. यंत्र नाही, म्हणून कॅरमच्या सोंगट्या आणि एक स्टीलचा डबा. ३६ फ्लॅट, सहा-सहाच्या सहा ओळी, पाच काळ्या, एक पांढरी. पांढरी आली चौथ्या ओळीला. मग त्या सहांच्या चिठ्ठ्या टाकून तळमजल्यावरच्या छोट्या पोरीकडून एक काढून घेतली (उत्तरमेरूर!). निघालं कोण? अस्मादिक.

टाळ्या झाल्या. मी नमस्कार करून उठणार तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "थांब, त्या वकिलीणबाईंनी आधी प्रश्न विचारायला सांगितलेत ना?" आईवडिलांना नीट वागवतोस का, यावर आईने खिडकीतून 'बरं म्हणायचं' असं उत्तर दिलं. दुसरा प्रश्न, कर भरतोस का, म्हणजे इथे मेंटेनन्स.

मार्चपासून थकलाय.

रविवारी पुन्हा डबा काढणार आहेत.